पुसाच्या थंडीत गरी: मासा कुठे बसतो आणि कधी खातो

झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, मंडईची जत्रा आटोपते, धान घरात येतं, बांधीत लाखोळी हिरवीगार दिसायला लागते. हात जरा मोकळे झालेले लोक गरी, म्हणजे गळ-काठी, घेऊन नदीवर जातात आणि रिकामे परत येतात. तक्रार ठरलेली असते: भादव्यात हात दुखेस्तोवर मासा लागत होता, आता पुसात दिवसभर बसलं तरी तरंडा (दोरीवरची तरंगती खूण) हलत नाही. मग कुणी म्हणतं मासा खाली धरणात उतरला, कुणी म्हणतं जाळेवाल्यांनी संपवला. कधीकधी तेही खरं असतं. पण बहुतेक वेळा मासा तुमच्या गरीपासून वीस-पंचवीस हातांवरच असतो. त्याला भूक नसते, आणि भूक असते त्या दोन-तीन तासांत आपण शेकोटीजवळ असतो किंवा घरी निघालेले असतो.

भूक का नसते हे आधी बघू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. माणसाच्या अंगात शेगडी आहे. बाहेर कितीही थंडी असो, अंग ३७ अंशांवर राहतं. माशाकडे ही सोय नाही. पाणी जेवढं गरम, जवळपास तेवढंच त्याचं अंग. पाणी १० अंशांनी उतरलं की त्याच्या शरीराचा चालू खर्च साधारण निम्म्यावर येतो. श्वास कमी, हालचाल कमी, पचनही मंद. भादव्यात २८ अंशांच्या पाण्यात जे खाणं एका दिवसात जिरत होतं, ते १८ अंशांच्या पाण्यात दोन दिवस पोटात राहतं. पोट भरलेलं असताना समोर गांडूळ लटकवलं तर तो बघतो आणि सोडून देतो.

सगळ्या माशांचं गणित सारखं नाही. रोहू, कतला, मृगळ यांना २५ ते ३२ अंश मानवतात. २० च्या खाली त्यांचं खाणं बरंच कमी होतं आणि १५ च्या आसपास जवळपास थांबतं. तिलापिया आणखी नाजूक, १६ च्या खाली तो खाणं सोडतो. मरळ आणि शिंगाळा मंदावतात, पण पोटात जागा असेल आणि घास अगदी तोंडाशी आला तर सोडत नाहीत.

मोबाइलवर बर्फाळ नदीत ट्राउट धरण्याचे व्हिडिओ बघून बरेच जण गोंधळतात, म्हणून त्याबद्दलही थोडं. ट्राउट मुळातच थंड पाण्याचा मासा. इंग्रजांनी तो १९०० च्या सुमारास काश्मीरच्या नद्यांत आणून सोडला; दक्षिणेत निलगिरी आणि मुन्नारच्या उंचीवरही तो रुजला. त्याला १० ते १६ अंशांचं पाणी सुखाचं. वैनगंगेत सोडला तर एक उन्हाळाही काढणार नाही. पण पाणी ४-५ अंशांवर गेलं की तोही आपल्या रोहूसारखाच वागतो: मोठ्या दगडाआड किंवा संथ डोहात तळाला बसतो, दुपारी थोडा वेळ खातो. म्हणजे व्हिडिओतली ‘खोल, हळू आणि दुपारी’ ही तीन सूत्रं आपल्याकडेही चालतात. त्यांच्या पिसांच्या माश्या आणि महागड्या काठ्या मात्र इथे कामाच्या नाहीत. आणि हिमाचलमध्ये तर १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारी संपेपर्यंत ट्राउट धरायला बंदीच असते, कारण तो त्याच्या विणीचा काळ.

नदी सगळीकडे सारखी थंड नसते

२९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता. त्या पहाटे नदीचं पाणी मात्र त्याच्या जवळपासही गेलं नसणार. पाणी तापायला वेळ घेतं आणि निवायलाही. नदीत हे ‘निवणं’ जागेजागी वेगळं असतं, आणि गरीवाल्याचा सगळा खेळ याच फरकावर चालतो.

गुडघाभर पाण्याचा पसरट भाग घ्या. रात्रभर उघड्या आभाळाखाली तो झपाट्याने निवतो. पहाटे नदीतलं सगळ्यात थंड पाणी तिथे असतं. पण दुपारी उन्हाने तोच भाग सगळ्यात आधी तापतो, त्यातही काळा खडक किंवा गाळ तळाला असेल तर जास्तच. याउलट दोन पुरुष खोल डोहात पाणी इतकं असतं की रात्रीची थंडी आणि दुपारचं ऊन दोन्ही त्याला फारसं हलवू शकत नाहीत. म्हणून मासा रात्र आणि सकाळ डोहात काढतो आणि दुपारी डोहाच्या कडेला, जिथे खोल पाणी उथळाला मिळतं तिथे, उन्हात येतो. त्याला उन्हात येणाऱ्या म्हाताऱ्यासारखं समजा. फार लांब जात नाही, ओट्यापर्यंत येतो.

उन्हाळ्यात हाच मासा धारेला, खळखळत्या पाण्यात सापडतो. त्याचं कारण प्राणवायू. ३० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, १५ अंशांना दहाच्या आसपास. थंडीत प्राणवायू भरपूर आणि गरज कमी, मग वाहत्या धारेत ताकद खर्च करायला मासा कशाला जाईल? मे महिन्यात जिथे मासा लागला ती जागा जानेवारीत सोडून द्या.

आता सगळ्यात कामाची गोष्ट, जी बहुतेक गरीवाले विसरतात. थंडीत सकाळी विहिरीतून काढलेली बादली कोमट लागते, वाफ निघते. विहीर तापलेली नसते. जमिनीखालचं पाणी वर्षभर जवळपास सारखंच राहतं, त्या भागाच्या वर्षाच्या सरासरी तापमानाच्या आसपास. आपल्याकडे ते २६-२७ अंश भरतं. उन्हाळ्यात तेच पाणी गार वाटतं. नदीच्या काठातून किंवा पात्राच्या वाळूतून जिथे असं पाणी झिरपतं, तिथे पुसातही माशासाठी भादवा असतो. अशी जागा शोधायची वेळ म्हणजे उजाडताना. काठाने चालत जा. पाण्याच्या एखाद्याच पट्ट्यावर दाट वाफ दिसते, काठची वाळू ओली आणि तिथलं शेवाळ जास्त हिरवं असतं. पायाने ठाव घ्या, फरक घोट्यालाच कळतो. खूण ठेवून घरी या आणि अकरा वाजता गरी घेऊन परत जा. मोठ्या झिऱ्यावर तर सकाळीही मासा लागतो.

धरणाखालची जागाही याच कारणाने चांगली. मोठा जलाशय लहान नाल्यापेक्षा फार हळू निवतो, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत त्यातून येणारं पाणी आसपासच्या नाल्यांपेक्षा उबदार असतं. पण रब्बीसाठी किंवा विजेसाठी पाणी कधी सुटेल याचा भरवसा नसतो. गोसीखुर्दसारख्या धरणाखाली पात्रातल्या खडकावर जाऊन बसणं म्हणजे जिवाशी खेळ. भोंगा वाजला तर सामान सोडून काठावर यायचं. आणि भोंगा ऐकू येईलच असं धरून चालायचं नाही. पायाजवळच्या दगडावर पाण्याची रेघ वर सरकताना दिसली तरी उठायचं.

वाऱ्याकडेही बघा. थंडीत वारा बहुतेक उत्तरेकडून येतो. दुपारी तापलेला वरचा थर तो ढकलत समोरच्या काठाला नेऊन लावतो. पसरट डोह किंवा मामा (माजी मालगुजारी) तलाव असेल तर दुपारनंतर दक्षिणेचा काठ उबदार होतो. तिथे बसायचं म्हणजे वारा तोंडावर येणार. लोक नेमकं वाऱ्याला पाठ करून समोरच्या थंड काठावर बसतात.

दिवस निवडायचा तर आभाळ आलेला निवडा. ढग असले की रात्री जमीन आणि पाणी कमी निवतात. निरभ्र आभाळ आणि पारा एकदम पाच-सहा अंश खाली, असे पहिले दोन दिवस सगळ्यात वाईट. त्यानंतर थंडी तशीच राहिली तरी मासा सरावतो आणि थोडंफार खायला लागतो.

सावली, पावलं आणि बारीक तंगूस

पावसाळ्यात गढूळ पाण्यात जाड तंगूस (गळाची नायलॉन दोरी), मोठा गळ, सगळं खपतं. पुसात पाणी उतरलेलं आणि नितळ असतं, हातभर खोल असलेला खडा दिसतो. जे तुम्हाला दिसतं ते माशालाही दिसतं. म्हणून ०.३५ किंवा ०.४० मिलिमीटरची तंगूस काढून ०.२० ची लावा. ती बरी कंपनीची असेल तर ३ किलोचा ताण सहज सोसते. गळ १० किंवा १२ नंबरचा. नंबर वाढतो तसा गळ लहान होतो, हे दुकानात लक्षात ठेवा. शिवडा (दातांचा मोठा मासा) किंवा मोठी मरळ धरायची असेल तर हे चालणार नाही. शिवड्याच्या दातांना ०.२० म्हणजे शिवणाचा दोरा.

सावलीचं गणित तर आणखी सोपं. २२ डिसेंबरच्या आसपास आपल्याकडे सूर्य भरदुपारीही डोक्यावर येत नाही. दक्षिणेकडे साधारण ४५ अंशांवरच राहतो. ४५ अंशांवरच्या सूर्याची सावली माणसाच्या उंचीएवढी पडते. म्हणजे ऐन बारा वाजताही दक्षिण काठावर उभ्या माणसाची पाच-साडेपाच फुटांची सावली थेट पाण्यात असते. नाला पूर्व-पश्चिम वाहत असेल तर उत्तरेच्या काठावर बसा: सावली मागे पडते आणि समोरच्या काठाच्या झाडांची सावलीही तुमच्या पाण्यावर कमी येते. वारा जोराचा असेल तर आधी सांगितलेला दक्षिण काठ उबदार, पण तिथे बसून आणि चार पावलं मागे सरकून गरी टाकावी लागते. वैनगंगा भंडाऱ्याच्या खाली बरीचशी दक्षिणेकडे वाहते. तिथे दुपारनंतर पूर्वेचा काठ धरा, ऊन समोरून आणि सावली पाठीमागे.

पावलांचा आवाजही पाण्यात पोचतो. वाळूवर कमी, खडकावर आणि कोरड्या टणक काठावर जास्त. डबा आपटला, काठी पडली की डोह वीस मिनिटं गप्प. सोबत पोट्टे असतील तर त्यांना वरच्या बाजूला शेकोटीचं काम द्या.

खोली मोजल्याशिवाय गरी टाकू नका

थंडीत मासा तळाशी असतो आणि वर यायचा आळस करतो. रोहू एरवी मधल्या पाण्यात चरतो, आता तोही खाली. मृगळ तर मुळातच तळाचा. आमिष माशाच्या तोंडापासून दोन हात वर राहिलं तर तुम्ही तिथे नसल्यासारखेच. अंदाजाने तरंडा सरकवून हे जमत नाही, मोजावं लागतं.

पद्धत अशी. वेळूची काठी दहा-बारा फुटांची. तरंडा ज्वारीच्या धांड्याचा किंवा पिसाच्या देठाचा, करंगळीपेक्षा बारीक. जाड तरंड्याला हलका दंश कळतच नाही. आमिष लावायच्या आधी नुसत्या गळाला एक जड शिसं किंवा सायकलचा नट अडकवा आणि जिथे बसायचं तिथे सोडा. तरंडा पूर्ण बुडाला तर तरंडा ते गळ हे अंतर पाण्यापेक्षा कमी आहे, तरंडा वर सरकवा. तरंडा आडवा पडला तर अंतर जास्त झालं, खाली घ्या. तीन-चार वेळा करून तरंड्याचं फक्त टोक पाण्याबाहेर राहील असं आणा. ही झाली तिथली खरी खोली. हाच प्रयोग दोन हात डावीकडे, दोन हात उजवीकडे, दोन हात पुढे करा. कुठेतरी खोली एकदम फूट-दीड फुटाने वाढते. ती कड, उथळातून डोहात उतरणारी पायरी. गरी तिथेच राहू द्या.

आता नट काढा आणि शिसं वाटून लावा. मोठा भाग गळापासून एक वीत वर, आणि ज्वारीच्या दाण्याएवढा एकच कण गळापासून चार बोटांवर. तरंडा आणखी चार बोटं वर सरकवा म्हणजे हा लहान कण तळाला टेकेल. त्या कणाचं काम पुढे दंशाच्या वेळी कळेल. पाणी वाहतं असेल आणि आमिष घसरत असेल तर मोठं शिसं वाढवू नका, जागा बदला. थंडीतला मासा वाहत्या आमिषामागे धावत नाही, आणि जिथे आमिष वाहून जातं तिथे तो बसलेलाही नसतो.

गांडूळ पुसात वरच्या मातीत मिळत नाही. उकिरड्याच्या तळाशी, मोरीच्या पाटाला किंवा केळीच्या बुंध्याशी खणा. शेणाच्या उबेत ते वर राहतं. लावताना अख्खं लावू नका. दोन-अडीच सेंटिमीटरचा तुकडा पुरे, टोक हलतं राहील असा.

कणीक करायची तर दोन वाट्या गव्हाचं पीठ, एक वाटी बारीक कुटलेली शेंगदाण्याची ढेप (पेंड), लसणाच्या दोन ठेचलेल्या पाकळ्या आणि कोमट पाणी. पोळीच्या कणकेपेक्षा सैल ठेवा, कारण थंड पाण्यात गोळा आवळतो, कडक होतो आणि गळाचं टोक त्यात अडकून राहतं. ओढल्यावर गळ माशाच्या तोंडात घुसण्याऐवजी गोळ्यासकट निसटतो. ओल्या फडक्यात, शर्टाच्या खिशात ठेवली तर ती मऊ राहते. वासासाठी काही जण खोबरेल तेल घालतात. २४ अंशांच्या खाली खोबरेल गोठतं, हे थंडीत केसांना तेल लावणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. नदीतही ते गोठूनच बसणार. गोळा हरभऱ्याच्या दाण्याएवढा. बोराएवढा गोळा भादव्यात चालतो.

मासा जमवायला पाण्यात चारा टाकायची सवय असते, ढेप, कोंडा, भात. पुसात दोन तासांत मिळून एक मूठ, तीही चिमटी-चिमटीने. किलोभर टाकलं तर आधीच कमी खाणाऱ्या माशाचं पोट तुमच्या ढेपेने भरेल.

दंश

पावसाळ्यात तरंडा ‘डुबुक’ करून जातो. थंडीत त्याची वाट बघणारा माणूस संध्याकाळपर्यंत वाट बघतो. दंश तीन तऱ्हेने येतो. एक, तरंडा बुडत नाही, आडवा सरकतो, बोटभर, हळू. दोन, तो नुसता थरथरतो आणि थांबतो; ही बहुतेक चिंगळ्यांची कुरतड, सोडून द्या. तिसरा सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात जास्त हुकणारा: तरंडा वर येतो. मासा तळावरून आमिष तोंडात घेऊन मान उचलतो, त्याबरोबर तळाला टेकलेला तो ज्वारीएवढा कण उचलला जातो. कणाचं वजन माशाने घेतलं, तरंड्यावरचा भार कमी झाला, म्हणून तो दोन बोटं वर येतो, कधी आडवाच पडतो. नवखा माणूस म्हणतो शिसं निघालं वाटतं, आणि बघत बसतो. तेवढ्यात मासा चव घेऊन थुंकतो. तरंडा वर आला की लगेच ओढा. मनगटाने, वीतभर. हात खांद्यापासून झटकला तर ०.२० ची तंगूस तुटेल.

मरळीचं तंत्र वेगळं. मरळ कल्ल्यांबरोबरच हवेतूनही श्वास घेते, म्हणून तिला अधूनमधून वर यावंच लागतं. थंडीत गरज कमी, त्यामुळे खेपा कमी. अकरा ते तीनच्या दरम्यान उन्हात तापलेल्या शेवाळ्याच्या, कमळाच्या कडेला डोळा ठेवा. पाण्यावर गोल वळं उठतं, मागे एखादा बुडबुडा. तिथेच जिवंत चिंगळी किंवा नाकतोडा हळूच सोडा, नेमक्या जागी नाही तर हातभर पलीकडे, आणि ओढत आणू नका, पडू द्या. मरळ घास धरून थांबते, मग गिळते. इथे मात्र घाई नको, तंगूस सरळ चालायला लागली की मगच ओढा.

याच दिवसांत मरळीच्या अंगावर लाल चट्टे, उघड्या जखमा दिसतात. ही बुरशीची साथ १९८८ पासून भारतात आहे आणि थंडीत, पाणी १८ ते २२ अंशांवर असताना, वाढते. माणसाला ती होत नाही, पण जखमेचा मासा खाऊ नये, आणि तो परत दुसऱ्या तलावात तर मुळीच सोडू नये.

कुठे बसता हेही तपासून घ्या. गावच्या मामा तलावांचा मासेमारीचा ठेका बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. त्यांनी पावसाळ्यात पैसे भरून बीज सोडलेलं असतं, त्यांना विचारल्याशिवाय गरी टाकणं ही चोरीच. मेळघाट, पेंच, नागझिरा, नवेगाव इथल्या राखीव जंगलातल्या पाण्यात मासेमारीला मनाई आहे. सुरुंग किंवा विष टाकून मासे मारणं १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे, तरी उतरलेल्या पाण्यात दरवर्षी कुणीतरी ब्लीचिंग टाकतंच, आणि त्या डोहात पुढची दोन-तीन वर्षं कुणालाच काही मिळत नाही. जंगलाला लागून काठ असेल तर चारच्या आत उठा. मासाही तोवर खाणं आटोपतो आणि वाघ पाण्यावर यायची वेळ होते.

शिंगाळा किंवा सिंगी लागली तर गळ काढायची घाई नको. दोघांच्याही छातीच्या पंखांना दोन आणि शिंगाळ्याच्या पाठीवरच्या पंखाला आणखी एक, असे काटे असतात आणि भीतीने ते ताठ उभे राहतात. जाड फडकं टाकून डोकं वरून दाबून धरा, चिमट्याने गळ फिरवा. काटा लागलाच तर कळ कोपरापर्यंत जाते, सिंगीची तर फारच. जखम धुऊन हात सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा. दुसऱ्या चांगल्या हाताने आधी पाणी तपासा, कारण दुखरा हात चटका ओळखत नाही. काट्याचा तुकडा आत राहिला, सूज वाढली किंवा धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन पाच-दहा वर्षं झाली असतील तर दवाखाना गाठा. चहाचं पातेलं आणि दोन काटक्या जास्तीच्या न्यायच्या त्या यासाठीच.